लव्हाळ्यातला विधुर

दुपारच्या जेवणानंतर आमच्या पिरी गावात जो रस्त्यावर दिसेल तो एकतर पोंबेरो भूत असतो, नाहीतर दुसऱ्याच्या घरी निघालेला असतो. सभ्य माणसं झोपतात. माझं किराणा दुकान नेमकं चौकात, आणि मला दुपारची झोप लागत नाही. त्यामुळे गावाच्या सभ्यतेला कुठं कुठं ठिगळं लावलीत ते माझ्याइतकं पाद्रीबाबालाही ठाऊक नाही. आणि त्याला तर लोक स्वतः येऊन सांगतात.

एवढं असूनही निकासियाबाई मायदानानं दोन वर्षं माझ्या नाकासमोर मला बनवलं. तेव्हा तिची गोष्ट सांगायलाच हवी.

बाई ठेंगणी, अंगानं गोलसर. हसायला लागली की आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. तिचा नवरा एव्हारिस्तो हा गावातला पहिल्या नंबरचा बढाईखोर. मेला तोही बढाई मारतानाच. आपल्याला पोहता येतं असं त्यानं सांगितलं होतं. मागं ठेवलं काय, तर तळ्याकाठचं घर, थोड्या कोंबड्या, पोरबाळ नाही, आणि संत आंतोनिओ.

हा संत म्हणजे हातभर उंचीची लाकडी मूर्ती. नाकाचा टवका उडालेला, कडेवर बाळ येशू. मायदानांच्या घरात चार पिढ्या चालत आलेली. अशा घरच्या संतांचा आमच्याकडे मोठा मान असतो. ज्याच्या घरी संत, त्याच्या अंगणात सण. तेरा जूनला सगळ्या गावानं तिथं जेवायचं, नाचायचं आणि वर नावं ठेवायची. शिवाय आंतोनिओ लग्न जुळवणारा. ज्या पोरीचं जमत नाही, तिनं मंगळवारी यायचं, निकासियाबाईपाशी मन मोकळं करायचं. मग बाई संताला तोंड भरून शिव्या घालायची आणि खाली डोकं वर पाय करून ठेवायची. नवरा मिळाला की सरळ. गावातली निम्मी लग्नं त्या बिचाऱ्यानं उलटं टांगून घेऊन जमवली आहेत. आणि त्या लग्नांची गुपितं सगळी निकासियाबाईच्या पोटात. मूल नसलेल्या बाईला गावात जी जागा सहसा मिळत नाही, ती तिला त्या लाकडाच्या हातभर तुकड्यानं दिली होती.

फक्त मायदानांचा एक नियम होता. विधवेनं दुसरा पुरुष केला, की संत मायदानांच्या रक्ताकडे परत. म्हणजे एव्हारिस्तोच्या बहिणीकडे, देओलिंदाकडे. लग्न जुळवणारा संत सांभाळायचा तर स्वतः लग्न करायचं नाही! हा नियम कुणी केला असेल ते देव जाणे, पण ती नणंदच असणार.

देओलिंदा दोन घरं सोडून राहायची. अंगकाठी काठीसारखीच, लग्न न झालेली, ऊन असो नसो हातात काळी छत्री. भावजयीवर तिचं बारीक लक्ष. आणि लक्ष ठेवायला तिला फार कष्ट नव्हते, कारण त्या घरी फौजदार होता.

फौजदार म्हणजे चाहा. टर्कीएवढा राखाडी पक्षी, गळ्याला काळी पट्टी, डोक्यामागं विस्कटलेली शेंडी, आणि डोळ्यांभोवती लाल कातडं, जणू कालची अजून उतरलेली नाही. ‘चाऽहाऽ!’ असं स्वतःचंच नाव ओरडतो, आणि ते कोसभर ऐकू जातं. चोच कोंबडीची, राहणं पाण्यावर, पण बोटांत पडदा म्हणाल तर नावापुरता. शाळामास्तर सांगतात की हा बदकांचा आणि हंसांचा नातेवाईक. असेल बाबा. नातेवाईक तोंडावरून ओळखू आले असते तर आमच्या गावात निम्मी भांडणं झालीच नसती. उत्तरेला, मोठ्या नदीच्या जंगलात, त्याचा एक चुलतभाऊ राहतो म्हणे, त्याच्या कपाळावर शिंग आहे. ज्याची बायको बाहेर बघते त्याला शिंगं फुटली असं आमच्याकडे म्हणतात, त्यामुळे त्या चुलतभावाच्या संसाराबद्दल माझ्या दुकानात बराच विचारविनिमय होतो. आमचा चाहा मात्र एकपत्नी. जोडी जमली की मरेपर्यंत. आणि त्याला कुणी मारतही नाही, कारण कातडीखाली नुसते हवेचे बुडबुडे. शिजत घातला तर हंडीत फेसच फेस. एव्हारिस्तोनं बढाई सुरू केली की आम्ही म्हणायचो, ‘लागला चाहा शिजायला!’

फौजदार अगदी पिल्लू असताना निकासियाबाईला सापडला आणि कोंबड्यांत वाढला. मोठा झाल्यावर तो त्यांची राखण करायला लागला. पंखांवर बोटभर काटे. कोल्हा एकदा आला, पुन्हा आला नाही. फाटकाशी कुणीही आलं की हा बोंब ठोकणार. पाद्रीबाबा आला, बोंब. देओलिंदा आली, दोन बोंबा. गावाला घड्याळ नसतं तरी चाललं असतं. निकासियाबाईकडे कोण केव्हा गेलं ते सगळ्यांना पाठ.

आणि मग दोन वर्षांमागं एक नवीनच गोष्ट सुरू झाली. दुपारी गाव झोपलं, की तळ्याच्या बाजूनं, लव्हाळ्यातून दुसऱ्या एका चाहाची हाक यायची. एकच, लांबलचक, कळवळून मारलेली. इकडून फौजदार उत्तर द्यायचा. मग तिकडून पुन्हा. मग शांत.

याचा अर्थ पहिल्यांदा लावला देओलिंदानंच, माझ्या दुकानात, येर्बा, म्हणजे आमची काढा करून प्यायची पत्ती, विकत घेता घेता.

“विधुर आहे तो,” ती म्हणाली. “जोडीदारीण मेली असणार. म्हणून आपल्या फौजदाराला हाका मारतोय.”

“पण फौजदार नर आहे ना?” मी विचारलं.

“कुणी बघितलंय? ती मादी आहे. फौजदारीण म्हणा.”

मास्तरांनी सांगितलं की चाहाचे नर-मादी दिसायला सारखेच. झालं. त्या दिवसापासून फौजदाराचं लिंग बदललं, आणि लव्हाळ्यातला विधुर गावाच्या गळ्यातला ताईत झाला. बायका दुपारी बिछान्यात उठून बसायच्या, ऐकायच्या, डोळे पुसायच्या. देओलिंदाला तर आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं व्हावं असं वाटायला लागलं. दर मंगळवारी ती भावजयीकडे जायची आणि संतापुढं त्या पक्ष्यासाठी मेणबत्ती लावायची.

“बघा वहिनी,” ती म्हणायची, “मुक्या जिवाला कळतं. एक गेलं की दुसरं झुरत बसतं. नाहीतर काही माणसं असतात.”

निकासियाबाई मान खाली घालायची आणि तिचे खांदे हलायचे. आम्हाला वाटायचं, रडतेय.

तो विधुर म्हणजे लिबोरिओ सोतेलो. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तळ्यावर होडी रेटणारा, ताडमाड, दाढीवाला, आणि आवाज इतका मऊ की येर्बा मागायला आला तर मला कान पुढं करावा लागायचा. नाचाला लोक सापुकाय ठोकतात, ती आमची आरोळी, ती त्यानं जन्मात ठोकली नव्हती. असा माणूस कोसभर ऐकू जाईल असं ओरडेल हे कुणाच्या स्वप्नात येणार? विधुर तर तो नव्हताच. ब्रह्मचारी होता. निदान चर्चच्या दप्तरात.

युक्ती निकासियाबाईची. कुणी आलं की फौजदार ओरडणार, हे तर चुकत नव्हतं. मग ओरडण्यालाच कारण देऊन टाकलं. पक्ष्याला पक्ष्यानं उत्तर दिलं, तर उठून फाटकाकडे कोण बघणार? लिबोरिओनं हाक मारायची, फौजदारानं बोंब ठोकायची, आणि बाईनं बादली घेऊन परसाच्या पायऱ्या उतरायच्या, पक्ष्यासाठी पाणपाला आणायला. पाला आणायला तास लागायचा. माझ्याही लक्षात आलं होतं की बादली कधी भरलेली दिसत नाही. पण मी त्याचा ठपका पाल्यावर ठेवला.

असं दोन वर्षं चाललं. लिबोरिओनं लग्नाचं विचारलं, ती नाही म्हणाली. विचारलं, नाही म्हणाली. “तू आलास तर हा जातो,” ती घरातल्या संताच्या दिशेनं बोट दाखवून म्हणायची. “आणि हा गेला तर मी कोण? एका बुडालेल्याची बायको.” लिबोरिओ म्हणायचा, “बरं.” त्याचं सगळं बोलणं एवढंच.

मग या जूनमध्ये, सणाच्या आधीच्या प्रार्थना चालू असताना, देओलिंदा सगळ्यांसमोर उभी राहिली.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “संतांच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांनी तळ्यावर जायचं आणि फौजदारणीला तिच्या नवऱ्याकडे सोडायचं.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबा म्हणाला, “वा! जोड्या जुळवणाऱ्या संताला याहून चांगली भेट कुठली?”

“वन्सं, अहो पण कोंबड्या?” निकासियाबाई म्हणाली. तिचा चेहरा मैद्यासारखा झाला होता.

“कोंबड्या मी राखीन.”

“तिला उडायची सवय नाही.”

“प्रेम शिकवतं,” देओलिंदा म्हणाली. ती असं काही बोलेल यावर माझा अजून विश्वास नाही, पण मी या कानांनी ऐकलं.

आता लिबोरिओला सांगायचं कसं? तो सणासाठी पलीकडच्या काठावरचे पाहुणे आणायला गेला होता, आणि आला तो थेट सणाच्या सकाळी, होडीभर माणसं घेऊन. अंगण भरलेलं. चुलीवर मक्याचा रस्सा रटरटतोय, भट्टीतून चिपा, आमचे चीजचे पाव, निघताहेत, अकॉर्डियन चालू. निकासियाबाईच्या एका बाजूला पाद्रीबाबा आणि दुसऱ्या बाजूला देओलिंदा. सणाच्या दिवशी वारुणी पोटात गेल्यावर गाव मेल्यासारखं झोपतं, म्हणजे लिबोरिओला त्याहून सोयीची दुपार नाही. तो हाक मारणार हे तिला पक्कं ठाऊक.

तिला संधी मिळाली ती रस्सा वाढताना. लिबोरिओ ताट पुढं करून उभा होता.

“आज थंडी फार आहे, नाही?” बाई मोठ्यानं म्हणाली. “आज चाहा काही ओरडायचा नाही.”

लिबोरिओनं विचार केला. तो खरं बोलणारा माणूस. “नाही बाई,” तो हळूच म्हणाला. “चाहा थंडीतपण ओरडतो.”

“आज नाही ओरडणार!”

“ओरडतो बाई. थंडीत जास्तच ओरडतो.”

बाईनं डाव त्याच्या ताटावर दणकन आपटला. त्याला वाटलं, मांस जास्त घे म्हणतेय. त्यानं ताट आणखी पुढं केलं.

“लव्हाळ्यात आज माणसंच माणसं असतील,” ती दात आवळून म्हणाली.

“माणसं तर इथं आहेत,” लिबोरिओ म्हणाला.

“वाढा हो वहिनी, रांग लागलीय!” देओलिंदा म्हणाली. “आणि त्या बिचाऱ्याला काय कळतंय पक्ष्यांमधलं?”

जेवणं झाली. नेहमीप्रमाणे लिबोरिओ कुणाला न सांगता उठला आणि होडीकडे गेला, झोपायला म्हणून. थोड्या वेळानं अख्खी वरात निघाली. पुढं देओलिंदा, बगलेत पोंचोत गुंडाळलेला फौजदार, फक्त डोकं बाहेर आणि ते रागावलेलं. मागं पाद्रीबाबा, अकॉर्डियनवाला, सगळ्या बायका, आणि झोपेतून उठवल्यामुळे चिडलेले पुरुष. मी अर्थात होतोच. निकासियाबाई सगळ्यांत मागं.

काठावर सगळे गप्प उभे राहिले. पाणी हलत नव्हतं. आणि लव्हाळ्यातून हाक आली, “चाऽऽहाऽऽ!”

काय सांगू, काळजात घर करणारी हाक होती. मलाही भरून आलं. देओलिंदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“जा गं बाई,” ती म्हणाली आणि तिनं पोंचो सोडला. “जा तुझ्या घरी.”

फौजदार उडाला नाही. त्यानं पिसं झाडली, देओलिंदाकडे एकदा तुच्छतेनं बघितलं, आणि आपले लांब लांब बोटांचे पाय तरंगत्या पाल्यावर टाकत, घरच्यासारखा, लव्हाळ्यात शिरला. आत दुसरी हाक सुरू झाली, “चाऽऽ”

आणि अर्ध्यात थांबली.

मग एक मऊ आवाज आला. इतका मऊ की एरवी ऐकू आला नसता. पण त्या शांततेत प्रत्येकाला ऐकू गेला.

“अरे, तू एकटाच कसा रे? निकासिया कुठाय?”

अकॉर्डियनवाल्याच्या हातातून भाता सुटला आणि बाजानं एक लांब सुस्कारा टाकला. मग लव्हाळी बाजूला झाली आणि होडी आपोआप तरंगत बाहेर आली. आत लिबोरिओ, दोन्ही हात अजून तोंडाभोवती, आणि त्याच्या गुडघ्यावर फौजदार, त्याच्या दाढीतून हळुवारपणे चोच फिरवतोय.

“मेणबत्त्या,” देओलिंदा म्हणाली. “दर मंगळवारी मी मेणबत्ती लावली. त्या पक्ष्यासाठी! दोन वर्षं!”

लिबोरिओनं हात खाली घेतले. “पोचल्या बाई,” तो म्हणाला. “उपकार झाले.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मी नव्हतो, असं म्हणायचा मोह होतो. मग सगळा काठच हसायला लागला, पाद्रीबाबासुद्धा, तोंडावर पुस्तक धरून. फक्त दोघी हसल्या नाहीत. देओलिंदा वळली आणि गर्दी आपोआप फाकली.

“वहिनी, आमचा संत,” ती म्हणाली.

हसणं थांबलं. हे सगळ्यांना कळत होतं. नियम म्हणजे नियम, आणि तो मोडताना अख्ख्या गावानं पाहिलेला.

लिबोरिओ होडीत उभा राहिला. “मी जातो,” तो म्हणाला, आणि त्याच्या मानानं हे भाषणच झालं. “पलीकडच्या काठाला जातो. परत येणार नाही. संत राहू दे तिच्याकडे.”

सगळे निकासियाबाईकडे बघायला लागले. ती वळली आणि घराकडे चालायला लागली. आम्हाला वाटलं, झालं. बाईनं संत निवडला. लिबोरिओलाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं होडीची काठी उचलली.

ती परत आली ती सणाचा निळा झगा घातलेला संत कडेवर घेऊन. सरळ देओलिंदापाशी गेली आणि तो तिच्या हातात दिला. देओलिंदाला हे इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. हातातली छत्री पडली.

“डाव्या पायाला कीड लागलीय, तिथं मेण भरत जा,” निकासियाबाई म्हणाली. “उन्हात ठेवू नका, रंगाचे पोपडे निघतात. शिव्या द्यायच्या त्या मनापासून द्या, नाहीतर तो हलत नाही. आणि पोरी आल्या की नुसतं ऐकायचं, वन्सं. मध्ये बोलायचं नाही. बाहेर तर मुळीच बोलायचं नाही.”

“हे नाही जमायचं,” मागून कुणीतरी म्हणालं.

देओलिंदानं संताला छातीशी धरलं, जसं कुणी पहिल्यांदाच मूल उचलतं, मान कुठं आणि पाय कुठं ते न कळता. निकासियाबाईनं अंगठ्यानं त्याच्या फुटक्या नाकावरची धूळ पुसली. तेवढं एकदाच तिचं तोंड वाकडं झालं. मग ती घागरा सावरून पाण्यात उतरली आणि होडीत जाऊन बसली.

“आणि संताबरोबर सणही आला,” ती तिथून म्हणाली. “अख्ख्या गावाची उष्टी ताटं पडलीत अंगणात. आजपासून ती तुमची.”

देओलिंदानं मागं वळून अंगणाकडे पाहिलं. ताटं, हंडे, पराती, थिजलेली चरबी. तिनं जन्मभर एकटीचं एक ताट आणि एक पेला घासला होता. आमच्या बायकांना एकदम आपापली घरं आठवायला लागली.

लिबोरिओनं काठी रेटली. होडी दोन हात सरकली.

“वहिनी!” देओलिंदा ओरडली. आवाजात कुठंही राग नव्हता, भीती होती. “अहो वहिनी, राख कुठं ठेवता?”

“चुलीमागं. डब्यात.”

“आणि त्या मोठ्या हंड्याला? करपलाय तो!”

“त्याला राखेनं होत नाही, वन्सं. वाळू लागते.”

“कसली वाळू?”

निकासियाबाईनं तिच्याकडे पाहिलं, संताकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. आवाज मागाहून आला. “लिबोरिओ,” ती म्हणाली, “वळव. ताटं घासू, मग जाऊ.”

“बरं,” लिबोरिओ म्हणाला.

संताला खिडकीत बसवलं. तिघं अंगणात उकिडवे बसले, मधोमध राखेचा डबा. देओलिंदा त्या दाढीवाल्याशी चकार शब्द बोलली नाही. पण भांड्यांच्या ढिगातून तिनं तो करपलेला हंडा शोधून काढला, दोन्ही हातांनी ओढत आणला आणि त्याच्यापुढं सरकवला.